शेजारच्या लॅब्रेडॉरने फेडायचं ऋण

गोचीड तापाने निपचित पडलेला कुत्रा सकाळी उठून बसला की डॉक्टरांकडे पेढे जातात. जाऊ देत. पण आदल्या रात्री खरी धावपळ झालेली असते ती रक्तासाठी. आभार मानायचे तर पुढच्या पेशंटसाठी सोसायटीतला एक डोनर तयार ठेवा. वाचलेला कुत्रा मात्र चालत नाही. ज्याला एकदा रक्त चढलं तो डोनर म्हणून बाद.

हिशेब सोपा आहे. किलोमागे 2 मिली रक्त दिलं की पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, साधारण 1 टक्क्याने वाढतो. 20 किलोच्या कुत्र्याचा पीसीव्ही 10 वरून 20 वर न्यायला 400 मिली लागतं, जवळजवळ एक अख्खी पिशवी. 450 मिलीची पिशवी द्यायला डोनर किमान 25 किलोचा हवा, वय 1 ते 7, लसी आणि जंताचं औषध वेळच्या वेळी. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांत 35 किलोचे लॅब्रेडॉर पुष्कळ दिसतात, पण त्यातले 8 किलो बिस्किटांचे असतात आणि चरबीत रक्त फारसं नसतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

डोनरची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सगळेच करतात. राहून जाते ती एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूंची पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी. येऊरच्या जंगलात रोज फिरणारा ठणठणीत कुत्राही अंगात बबेसिया बाळगून असू शकतो, आणि त्याचं रक्त दिलं तर आजाऱ्याला नवा आजार. हा रिपोर्ट मध्यरात्री मिळत नाही, आधीच करून ठेवावा लागतो.

रक्त मानेच्या शिरेतून काढतात. केस भादरून कुत्र्याला कुशीवर निजवायचं, पिशवी टेबलाच्या खाली वजनकाट्यावर. दहा-पंधरा मिनिटांचं काम. डोकं धरायला घरचा माणूस, आणि रक्तात गुठळी न होऊ देणारं औषध नीट मिसळावं म्हणून पिशवी अलगद हलवत राहायला दुसरा. मान झटकली की सुई सरकते, धार तुटते, नळीत गुठळी होते आणि पिशवी वाया जाते. तेव्हा अंगाने मोठा पण भित्रा कुत्रा नकोच. अर्धवट भरलेली पिशवी 'चालवून घेऊ' म्हणणंही चुकीचं. 450 मिलीसाठी घातलेलं 63 मिली औषध 200 मिली रक्तात मिसळलं, तर त्या औषधातल्या जादा सायट्रेटमुळे रक्त घेणाऱ्याचं कॅल्शियम उतरतं, अंग थरथरायला लागतं.

नंतर डोनरला पाणी, खाणं. त्या दिवशी गळ्यात पट्टा नको, हार्नेस घाला. दोन दिवस पळापळ बंद. पुढचं रक्त दोन-तीन महिन्यांनी.

रक्त घेणाऱ्याचं पहिल्या वेळी गट न जुळताही बहुधा निभावतं, कारण कुत्र्यांत डीईए 1 या मुख्य रक्तगटाविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासून सहसा नसतात. पण एकदा असं रक्त चढलं की काही दिवसांत त्या तयार होतात, म्हणून दुसऱ्या वेळी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, हवीच. डिस्चार्ज पेपरवर रक्त दिल्याची तारीख लिहून घ्या. पुढे कधी रात्री दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं, तर कुत्र्याचं नाव सांगायच्या आधी ही तारीख सांगा.