स्वीपस्टेक्स बघायला मला चौदा महिने लागले

मी मूळचा मालवणकडचा, आता टोरांटोला. तारकर्लीत एकदा ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता नुसती चव घ्यायला मारलेली स्कूबा डुबकी, केलं होतं, त्यामुळे वाटलं इथल्या लेक ह्युरॉन तलावातलं स्वीपस्टेक्स नावाचं बुडालेलं लाकडी जहाज बघायला काय लागतंय, जायचं आणि उडी मारायची. तसं नसतं.

पहिला अडथळा डायव्हिंग कोर्सचा मेडिकल फॉर्म. लहानपणी दमा होता म्हणून खरं ते 'हो' लिहिलं, मग डॉक्टरची सही हवी, त्यांनी फुफ्फुसांच्या टेस्टला पाठवलं, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत सीझन संपला. पण खोटं लिहू नका हां कोणी, पाण्याखाली धाप लागली तर वर यायला वेळ लागतो.

पुढच्या वर्षी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, केलं. थिअरी, पूल, मग तलावात चार डाइव्ह. सात मिलिमीटरचा सूट, हूड, ग्लोव्ह्ज घालून सुद्धा मास्कमध्ये पाणी घ्यायला सांगितलं तेव्हा कपाळ असं दुखलं की बर्फाचा गोळा गिळल्यासारखं. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं.

मग टोबरमोरी, जहाज आहे ते तलावाकाठचं गाव, गाडीने साधारण चार तास. तिथलं फॅदम फाइव्ह हे नॅशनल मरीन पार्क आहे, त्यामुळे व्हिजिटर सेंटरला जाऊन डायव्हर म्हणून नोंदणी करावी लागते, कोर्स पास झाल्याचं कार्ड न्यायला विसरू नका. जहाज आहे त्या बिग टब बंदरात काचेच्या तळाच्या टूर बोटी पण येतात म्हणून डायव्हर्सच्या वेळा ठरलेल्या, त्या आधीच विचारून घ्या.

स्वीपस्टेक्स हे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, १८६७ साली बर्लिंग्टनला बांधलेलं, ११९ फूट लांब. ऑगस्ट १८८५ मध्ये कोव्ह आयलंडजवळ फुटलं, ओढत बिग टबमध्ये आणलं आणि सप्टेंबरात तिथेच बुडालं. आतला कोळसा नंतर काढून घेतला. जेमतेम वीस फुटांवर आहे. खाली गेलो आणि पुढच्या टोकाला नांगर ओढायचा रहाट जागच्या जागी दिसला, फळ्या एकमेकींना लागून, एवढ्या वर्षांनी! मला आमच्या बाबांची होडी आठवली, दरवर्षी वर ओढून तेल लावून सुद्धा खालची फळी पोखरलेली निघायची. ती पोखरणारी टेरेडो, दिसायला अळी पण जातीने शिंपल्याची, तिला खारं पाणी लागतं. या गोड्या पाण्याच्या तलावात ती नाहीच, शिवाय पाणी थंडगार, म्हणून लाकूड टिकतं. मात्र १९८० च्या दशकाच्या शेवटी परदेशी जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेल्या) झेब्रा शिंपले ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे ह्युरॉन धरून इथल्या पाच मोठ्या तलावांत, घुसले, ते जुन्या जहाजांवर थराने चिकटतात, ते वाचून फार वाईट वाटलं.

आत शिरायला बंदी आहे, आपण सोडलेले बुडबुडे डेकखाली अडकून लाकडाला इजा करतात. आमच्या ग्रुपमधला एक जण भोकातून हात घालत होता, इन्स्ट्रक्टरने लगेच मागे ओढलं, बरं केलं.

वर आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी फोटो झूम करून करून फळ्यांचे सांधे बघितले आणि विचारलं, लाकूड कसलं रे? मला माहीत नव्हतं. आता तिथलंच अरेबिया बघायचंय, १८८४ साली बुडालेलं, पण ते शंभर फुटांच्या खाली, त्याला डीपचं, म्हणजे खोल डाइव्हचं, ट्रेनिंग लागतं. त्याच्या क्लासला नाव दिलंय, यावेळी डॉक्टरची सही आधी घेतली.