सोमवारच्या बिरड्यासाठी शनिवारी रात्री वाल

श्रावणी सोमवारचा उपास संध्याकाळी वालाच्या बिरड्यावर सोडायचा असेल, तर वाल शनिवारी रात्रीच भिजायला हवेत. रविवारी सकाळी आठवण झाली तर सरळ मुगाची उसळ करा, वाल घाई चालवून घेत नाहीत.

दुकानात ‘कडवे वाल’ म्हणूनच मागा. ते दाण्याने लहान असतात. गोड वाल शिजतात छान, पण बिरड्याला जी किंचित कडसर चव लागते ती त्यांना नाही. चार माणसांना एक वाटी कोरडे वाल, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, पुरतात. मोड आणून सोलले की अडीच-तीन वाट्या डाळिंब्या होतात.

रात्री भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी फेसाळलेलं पाणी ओतून टाका आणि दोनदा धुऊन घ्या. जे दाणे फुगले नाहीत ते गणंग, ते याच वेळी वेचून काढा, नाहीतर नेमके दाताखाली येतात. मग वाल चाळणीत पूर्ण निथळवून सुती फडक्यात बांधायचे. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत बिघडतं ते इथेच. ओल राहिली किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडले की वाल चिकट होऊन वास मारतात. पुरचुंडी चाळणीतच ठेवा, रविवारी संध्याकाळी सोडून वाल एकदा धुवा, निथळवा आणि कोरड्या फडक्यात पुन्हा बांधा. सोमवारी सकाळी पाव इंच मोड दिसतो. त्याहून लांब वाढू देऊ नका, सोलताना तुटतो.

ऑफिस गाठायचं असेल तरी सोलायचं काम सकाळीच उरका. वाल कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवले की साल सैल होते. दाणा चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सुटकन बाहेर उडते, म्हणून हात पातेल्याच्या आत ठेवूनच दाबा. पाणी कढत असेल तर दाण्याच्या दोन फाका होतात. सोललेल्या डाळिंब्या गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या की संध्याकाळपर्यंत काळजी नाही. बाजारात सोललेले वालही मिळतात, पण घेताना वास घ्या आणि एक दाणा बोटांत चोळून बघा. बुळबुळीत लागला तर पुढे चला.

फोडणीला तीन चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, हिंग, कढीपत्ता, अर्धा चमचा हळद. त्यावर निथळलेल्या डाळिंब्या घालून दोन मिनिटं हलक्या हाताने परता. दीड वाटी गरम पाणी घाला, वर ताट ठेवून त्यात पाणी ओता आणि मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं शिजवा. पाणी कमी पडलं तर ताटातलंच गरम पाणी आत घाला. गार पाणी घातलं की शिजणं तिथेच अडतं. कुकर मात्र नको, एका शिट्टीत पिठलं होतं.

डाळिंबी बोटांनी सहज दबली की मगच चार आमसुलं. आंबट आधी पडलं तर दाणा कडकच राहतो, मग कितीही उकळा. त्याबरोबर मीठ, सुपारीएवढा गूळ, एक चमचा तिखट आणि वाटण घाला. वाटणात अर्धी वाटी ओलं खोबरं, एक चमचा जिरं, दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर. आता डाव घालून ढवळायचं नाही, कढईचे कान धरून हलवायचं. पाच मिनिटं उकळी आली की झालं. श्रावणात कांदा-लसूण चालत नसेल तर काही अडत नाही. खरं तर कांद्याने वालाची चव दबतेच.

रस थोडा पातळच ठेवा, मुरल्यावर डाळिंब्या तो पिऊन घेतात. सोललेल्या डाळिंब्यांतली एक वाटी मंगळवारच्या डब्यातल्या डाळिंबी-भातासाठी बाजूला काढता येते. तिला एक वाटी तांदूळ, अडीच वाट्या गरम पाणी आणि अर्धा चमचा गोडा मसाला. हा भातही पातेल्यातच.