फिल्टरआड लपलेले स्पाइक

पुण्यातली डिसेंबरची सकाळ. सदाशिव पेठेतले सत्तरीपुढचे काका, पेसमेकर बसवून तीन आठवडे झालेले, दोन दिवस चक्कर. नाडी 38. ते थंडीने कुडकुडत होते, म्हणून पहिला इसीजी 40 हर्ट्‌झच्या फिल्टरवर, म्हणजे कापऱ्यासारखे वेगवान सिग्नल गाळणाऱ्या सेटिंगवर, काढलेला. रेघ अगदी स्वच्छ. रुंद क्यूआरएस (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे ठोके), त्यांच्याशी मेळ नसलेल्या पी लाटा (वरच्या कप्प्यांच्या), स्पाइक (पेसमेकरच्या झटक्याची उभी रेघ) मात्र एकही नाही. पाहणाऱ्याला वाटावं, यंत्र बंद पडलं.

पेसमेकरचा झटका जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. एवढा झटपट सिग्नल 40 चा फिल्टर सहज पुसून टाकतो. त्यात हल्लीच्या बायपोलर लीडचे (पेसमेकरपासून हृदयात जाणाऱ्या तारेचे) दोन्ही ध्रुव टोकाजवळच असतात, त्यामुळे मुळातच स्पाइक एखाद-दोन मिलिमीटरचा. जुन्या युनिपोलरचा (एक ध्रुव टोकाशी, दुसरा थेट पेसमेकरच्या डबीवर) कसा उंच, ठसठशीत दिसायचा!

कापरं फिल्टरने नाही, उबेने घालवायचं. ब्लँकेट दिलं. "काका, हात सैल सोडा, मुठी नकोत." त्वचा पुसून जेली नव्याने लावली. फिल्टर 150 वर, स्पाइक शोधणारी पेस सेटिंग चालू, कागदाचा वेग सेकंदाला 25 मिलिमीटर, उंची मिलिव्होल्टला 10, आणि इसीजीच्या लीड दोनची (हृदयाकडे पाहण्याच्या बारा बाजूंपैकी एक) लांब पट्टी. पेस चालू असताना मशीन स्वतःच्या खुणा छापतं. कापऱ्यालाही ते कधी स्पाइक समजतं. म्हणून खुणेवर न विसंबता मूळ रेघ बाराही लीडमध्ये पाहिली.

स्पाइक होते! काकांच्या पेसमेकर कार्डावर व्हीव्हीआय (खालच्या कप्प्यात ठोका दिसला तर थांबायचं, नाही तर तिथेच झटका द्यायचा), किमान गती मिनिटाला 60. म्हणजे ठोक्यानंतर एक सेकंद वाट पाहणं, कागदावर पाच मोठे चौकोन. प्रत्येक क्यूआरएसनंतर जवळपास 25 मिलिमीटरवर बारीक उभी रेघ, आणि तिच्यामागे काहीच नाही. पुढचा ठोका हृदयाचा स्वतःचा, साधारण 40 मिलिमीटरवर. यंत्र ठोका ओळखत होतं, झटकाही देत होतं. स्नायू तो पकडत नव्हता. मॅग्नेट (ठोके न पाहता पेसमेकरला झटके द्यायला लावणारा) ठेवायचा तर डॉक्टरांसमोरच, त्यामुळे त्याला हात लावला नाही. दोन्ही पट्ट्या घेऊन मी थेट डॉक्टरांकडे गेले.

एक्स-रेत लीडचं टोक जागेवरून सरकलेलं दिसलं. त्याच दिवशी कॅथलॅबमध्ये ते पुन्हा बसवलं. संध्याकाळच्या इसीजीत प्रत्येक स्पाइकला चिकटून रुंद क्यूआरएस, टी लाट उलट दिशेला. त्या कागदावर पेनने लिहिलं : 'फिल्टर 150, पेस चालू'. सकाळची स्वच्छ पट्टीही फाइलमध्ये तशीच ठेवली, तिच्यावर '40' लिहून.