कारवीच्या पानाचा छेद, ८९ मिलिमीटर रुंदीत

रविवार, रात्र

कारवीच्या पानाच्या आडव्या छेदाची आकृती आज तिसऱ्यांदा पहिल्यापासून काढली आणि या वेळी ती बरीचशी मनासारखी उतरली. शोधनिबंधासाठी गेले तीन आठवडे मी इंकस्केप हा रेषाचित्रे काढण्याचा प्रोग्रॅम शिकते आहे. २००३ साली सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थिनीला त्याचे मोल फार वाटते.

पहिल्या आठवड्यात मी सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र थेट त्यातल्या ‘ट्रेस बिटमॅप’ या आपोआप रेषा काढणाऱ्या सोयीच्या हवाली केले होते. क्षणात रेषाचित्र तयार झाले, पण पेशीभित्तींबरोबर काचेवरची धूळ आणि रंगाचे डागही रेषा होऊन बसले होते, आणि एकेका पेशीभोवती नोडची, म्हणजे रेषा ज्यांतून जाते त्या बिंदूंची, नुसती गर्दी झाली होती. म्हणून आता छायाचित्र खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवून तो लेयर लॉक करते आणि वरच्या लेयरवर प्रोग्रॅममधल्या पेनने एकेक भित्ती स्वतः काढते. रेनो कंपनीतले अभियंते पियेर बेझिये यांनी मोटारींच्या बाह्य आकारांसाठी जे वक्र वापरात आणले, तेच येथे पेशींच्या कामी येतात. नोड कुठे ठेवायचा आणि वळण ठरवणारे त्याचे हँडल किती ओढायचे, हे ठरवण्यासाठी भित्ती नेमकी कुठे वळते ते बघावेच लागते. दोन पेशींमधली एक रेघ छायाचित्रात पुसट होती. ती अंदाजाने जोडून टाकावी असे क्षणभर वाटले, पण स्लाइड पुन्हा लावून फोकस वरखाली केल्यावर दिसले, की तिथे भित्ती नसून हवेची पोकळी आहे. ती रेघ मी जोडली असती, तर निबंधात एक खोटे विधान गेले असते.

मापाची गोष्ट मला उशिरा उमगली. नेचर या विज्ञान नियतकालिकात एका स्तंभाची रुंदी ८९ मिलिमीटर असते आणि आकृतीतली अक्षरे साधारण ५ ते ७ पॉइंटांची लागतात. माझी पहिली आकृती २५० मिलिमीटर रुंद होती. ती तेवढ्यात बसवली की १२ पॉइंटांची अक्षरे जेमतेम सव्वाचार पॉइंटांची उरतात आणि त्याच प्रमाणात बारीक झालेल्या रेषा छपाईत हरवतात. आता मी आधी प्रोग्रॅममधल्या कागदाची रुंदी ८९ मिलिमीटर ठरवते आणि मगच पहिली रेघ ओढते. लाल-हिरवी जोडीही काढून टाकली, कारण ती अनेक पुरुषांना वेगळी ओळखता येत नाही.

आकृतीत खरे माप दाखवणारी मापपट्टी तेवढी काढायची राहिली आहे. ‘४०० पट’ असे नुसते लिहिले, तर चित्र लहान होताच ते चुकते. पट्टी मात्र चित्राबरोबरच लहान होते. उद्या सकाळी त्याच भिंगाखाली स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे सूक्ष्म मापे कोरलेली काच, ठेवून छायाचित्र घेईन, म्हणजे ५० मायक्रॉनची पट्टी किती लांब हवी ते मोजून ठरवता येईल.