कुणी तपासलं, ते सांगायचं नाही

आमच्या नियतकालिकाचा विषय माहितीप्रणाली. म्हणजे संगणक, मोबाईल, अॅप हे सगळं माणसांच्या हातात गेल्यावर पुढे काय होतं, त्याचा अभ्यास. नवं सॉफ्टवेअर आलं तरी बँकेतला कारकून जुनी वही का सोडत नाही, तोच आकडा ग्रामपंचायतीत रजिस्टरमध्ये आणि पोर्टलवर असा दोनदा का भरावा लागतो, असे प्रश्न. अंक इंग्रजीत निघतो. तो उभा राहतो मात्र आमच्या रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणाऱ्या मंडळींच्या जिवावर, आणि ही मंडळी ठाणे, पनवेल, नाशिक, सोलापूर, नागपूर अशी विखुरलेली आहेत. एक पेपर, म्हणजे शोधनिबंध, नीट वाचायचा, आकडे ताडून बघायचे, संदर्भ उघडायचे आणि दोन-तीन पानी अभिप्राय लिहायचा, यात पाच-सहा तास सहज जातात. ते तास निघतात लेक्चर, सुपरव्हिजन आणि घरचं सगळं आवरल्यावर. मानधन शून्य. लेखाखाली नावही येत नाही, कारण लेखकाला रिव्ह्यूअर कळू द्यायचा नाही आणि रिव्ह्यूअरला लेखक, हा नियम. डिसेंबरच्या अंकात सगळ्यांची नावं आडनावांच्या क्रमाने एकत्र छापतो आणि जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये त्यांना आभाराच्या मेळाव्याला बोलावतो. रविवार घेत नाही, लोकलचा मेगाब्लॉक असतो.

पेपर कुणाकडे जातो, अभिप्राय कधी येतो, कुणाला आठवण करायची, हे सगळं मी बघते. त्यामुळे कुठल्या पेपरवर कुणाचा हात फिरलाय हे मला ठाऊक असतं आणि हॉलमध्ये बसलेल्या बाकीच्यांना नसतं. या मेळाव्यावर माझा एवढा जीव का, याचं कारण बहुतेक यातच आहे.

सुरुवातीचं सगळं ठरलेलं. दीपप्रज्वलन, स्वागत, वर्षभराचा अहवाल. मग अध्यक्षांचं भाषण. दरवर्षी नवे अध्यक्ष असतात, पण बहुतेकांची गाडी १६६५ पासूनच सुटते. हेन्री ओल्डनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं ते साल. तिथून १७५२, तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने त्याचे लेख निवडायला समिती नेमली. मग १९७३, ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी सक्तीची केली. आमच्या विषयापुरतं बोलायचं तर १९७७, ‘एमआयएस क्वार्टर्ली’ मिनेसोटा विद्यापीठातून निघू लागलं. सालं बरोबर आहेत, आणि नव्या लोकांना ती कळायलाही हवीत. मी तेवढ्या वेळात प्रशस्तिपत्रं क्रमाने लावून घेते.

त्यानंतर एक रिव्ह्यूअर बोलतात. यात मला सगळ्यात जास्त आवडलं ते आमच्या संख्याशास्त्राच्या सरांचं भाषण. सर निवृत्त झालेले, डोंबिवलीचे. अभिप्राय हाताने लिहायचे, नात स्कॅन करून पाठवायची. प्रश्नावलीवर आधारलेल्या पेपरांत क्रोनबॅकचा अल्फा म्हणून एक आकडा असतो. विचारलेले प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात ते त्यावरून कळतं. तो ०.७० च्या वर गेला की लेखक खूश. सर उभे राहिले आणि म्हणाले, “परवा एकाने अल्फा ०.९७ आला म्हणून अभिमानाने लिहिलंय. मी त्याला लिहिलं, बाळा, तू एकच प्रश्न पाच वेळा विचारलास. माणसं पाचही वेळा तेच उत्तर देणार. यात आनंद कसला?” हॉल हसला. पुढे सरांनी त्या मुलाने प्रश्न कसे बदलावेत ते फळ्यावर लिहून दाखवलं. तो मुलगा कोण हे त्यांना माहीत नव्हतं. तो मागच्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होता.

सर आता नाहीत. त्यांची हस्तलिखित पानं मी एका फायलीत ठेवली आहेत. नवीन रिव्ह्यूअर कामाला सुरुवात करतात तेव्हा लेखकाचा उल्लेख कुठेच नाही अशी त्यातली पानं निवडून त्यांना वाचायला देते. कुणाला न दुखावता पेपर परत कसा पाठवावा, हे त्या पानांतून जितकं शिकता येतं तितकं कुठल्या कार्यशाळेत मी तरी पाहिलेलं नाही.

पण ज्याची मी वर्षभर वाट बघते ते भाषण लेखकाचं. ज्याचा पेपर छापून आला त्यातल्या एकाने उभं राहायचं आणि आपल्याला आलेल्या अभिप्रायातला एखादा भाग वाचून दाखवायचा, एवढीच अट. मागे एकदा एक तरुण प्राध्यापिका बोलल्या. त्यांचा पेपर ई-पीक पाहणीवर होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही सोय आली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचा, आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि अॅपवर नोंद करायची. बाईंनी मुरबाड-शहापूरकडच्या गावांत प्रश्नावली नेली. आधार घेतला होता फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या सिद्धांताचा. वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, या दोन गोष्टींवरून माणूस ती वापरेल की नाही हे सांगता येतं, असा तो सिद्धांत. आमच्याकडे येणाऱ्या पेपरांत तो इतका असतो की रिव्ह्यूअर मंडळी त्याला कंटाळलेली आहेत. हाही पेपर त्याच वळणाचा. खातेदारांना अॅप सोपं वाटतं, असा निष्कर्ष.

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि अभिप्रायातल्या ओळी मराठीत सांगितल्या. उत्तरं तुम्ही खातेदाराकडून घेतलीत, सातबाऱ्यावर नाव त्याचं. पण नोंद करताना फोन कुणाच्या हातात होता? कृपया पुन्हा जाऊन एवढं विचारून या. पेपर चांगला आहे, म्हणून सांगतो.

बाई चिडल्या होत्या, ते त्यांनीच सांगितलं. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आलेली, घरात लहान बाळ. तरी एसटीने परत गेल्या. घरोघरी विचारलं तर कुठे शाळकरी मुलगी निघाली, कुठे पुतण्या, कुठे शेजारचा मुलगा. म्हाताऱ्या खातेदाराला अॅप सोपं वाटत होतं कारण त्याने ते कधी हातातच घेतलं नव्हतं. सगळा पेपर फिरला. घरातली लहान माणसं मोठ्यांसाठी सरकारी अॅप कशी चालवतात, यावर तो नव्याने लिहिला गेला, आणि आम्ही छापलेल्या चांगल्या पेपरांत मी तो धरते. “ते सर किंवा मॅडम कोण, मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “इथे असतील तर त्यांना माझा नमस्कार.” आणि त्यांनी सगळ्या हॉलला हात जोडले.

तो अभिप्राय लिहिणारे सर तिसऱ्या रांगेत होते. चहाचा रिकामा कागदी कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि त्याची कड बोटांनी उलगडत होते. मान खाली. मी व्यासपीठाजवळ उभी. त्यांच्याकडे बघायचं नाही एवढं पथ्य मी पाळलं, कारण मी बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. टाळ्या सुरू झाल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. जाताना बाईंना भेटून म्हणाले, “छान बोललात. पेपर वाचायला हवा तुमचा.”

असं ऐकायला माणसं यायला हवीत, आणि इथे माझी तक्रार आहे. सोलापूरच्या मॅडम सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पहाटे कल्याणला उतरतात आणि लोकलने ठाण्याला येतात. दरवर्षी. नाशिकची दोघं पहिल्या एसटीने निघतात. आणि दादर-माटुंग्याकडच्यांना ठाणं लांब पडतं! वाशी, नेरूळ, खारघरची मंडळी ट्रान्स हार्बर लोकलने थेट येऊ शकतात, तरी आदल्या रात्री ‘जमत नाहीये’ असा मेसेज. रिव्ह्यूअरना मी काही बोलत नाही, त्यांनी वर्षभर दिलेलं पुष्कळ झालं. राग येतो तो लेखकांचा. पेपर कधी छापून येणार म्हणून आठवड्यात तीन फोन करणारे लेखक छापून आल्यावर एका दुपारपुरते येत नाहीत. पेपरचे गुण बढतीच्या अर्जात मोजले जातात, मग त्यामागे ज्याच्या रात्री गेल्या त्याच्यासाठी एक शनिवार काढायला काय हरकत आहे?

२०२१ आणि २०२२ चे मेळावे झूमवर झाले. तेव्हा हजेरी सगळ्यात जास्त होती, हेही खरं. पण चौकटीतल्या चेहऱ्यांना वडा देता येत नाही, आणि म्यूट काढायच्या गोंधळात एका लेखकाचं भाषण अर्धं वाया गेलं.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. कुठलं नियतकालिक खरं आणि कुठलं पैसे घेऊन काहीही छापणारं, हे आता ज्याच्या त्याच्या संस्थेने पारखायचं. आमच्याबद्दल कुणी विचारलं तर मी त्यांना या मेळाव्यालाच या म्हणते.

आता आभार. रिव्ह्यूअरची नावं इथे लिहीत नाही, एखादं राहिलं तर वर्षभर माझ्या मनाला लागेल. ती अंकात आहेत. पण बाकीच्यांचं कुठेच छापून येत नाही. हॉल उघडून खुर्च्या मांडणारे वॉचमनकाका. माईकवाला दादा, जो दरवेळी आवाज तपासायला आपल्या मुलीची कविता म्हणतो. तिळगूळ करणाऱ्या बचत गटाच्या ताई. वडे वेळेवर आणि गरम आणणारे राम मारुती रोडचे काका. प्रशस्तिपत्रांवर सुंदर अक्षरात नावं घालणाऱ्या निवृत्त चित्रकला शिक्षिका. लेख पाठवायची आणि तपासायची प्रणाली ज्या सर्व्हरवर चालते तो सांभाळणारी इंजिनिअरिंगची दोन मुलं. ऐन परीक्षेतही त्यांनी तो बंद पडू दिला नाही. मुद्रितं तपासणाऱ्या बाई, ज्यांच्या नजरेतून संदर्भयादीतला एक स्वल्पविरामही सुटत नाही. छापखान्यातले मामा. रांगोळी काढणाऱ्या मुली. गावाहून आलेल्यांना आपल्या घरी उतरवून घेणारी पाचपाखाडी, चरई आणि कोपरीची कुटुंबं. सरांची पानं स्कॅन करणारी त्यांची नात, ती आता स्वतः एमएस्सी करतेय.

आणि टपाल टाकणारा आमचा शिपाई! जे येऊ शकले नाहीत त्यांची प्रशस्तिपत्रं तोच पोस्टात नेतो, पावत्या जपून ठेवतो. चहावाल्याचा मुलगाही राहिला होता, जो हॉल दुसऱ्या मजल्यावर असूनही किटली घेऊन चार-चारदा वर येतो. अजून कुणी राहिलं असेल तर मला फोन करून सांगा, रागावून बसू नका.

येत्या जानेवारीतही दुसराच शनिवार, दुपारी तीन वाजता, हॉल तोच. स्टेशनला पश्चिमेला उतरा, चालत दहा-बारा मिनिटं. वर्षभरात ज्यांचे पेपर आले त्या सगळ्या लेखकांना मी स्वतः फोन करणार आहे. बाहेरगावच्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं, म्हणजे राहायची सोय आणि वड्यांचा अंदाज, दोन्ही जमतं.