बी काढल्यावर

खजुराला उभी चीर द्यायची, बी काढायची, त्या जागी पीनट बटर नाहीतर बदाम भरायचा, तोंड मिटायचं आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचं. भाजणं नाही, तळणं नाही. असल्या उद्योगाला स्वयंपाकात धरायचं का, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. मी त्यात पडत नाही. दुपारी सगळे पेंगत असताना हाताला काहीतरी चिकट लागलं की माझं भागतं.

मेजूल जातीचा मऊ खजूर असला तर नखसुद्धा पुरतं. आतली बी पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली असते, तो पापुद्रा मी चिमटीत धरून काढून टाकतो. खाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, पण मला माहीत असतं ना! शिवाय मी खजूर अख्खा बुडवत नाही, एक टोक उघडं ठेवतो. आपण काय खातोय ते दिसायला हवं.

चॉकलेटशी मात्र मस्करी चालत नाही. गरम पाण्यावर भांडं ठेवलं आणि वाफेचा एक थेंब आत गेला, की मघाचं रेशमी चॉकलेट रवाळ गोळा होऊन बसतं. गंमत म्हणजे थेंबानं आळलेलं हे चॉकलेट आणखी पाणी घातलं की सैल होतं. मग त्याचा सॉस होतो, कवच होत नाही. चकचकीत, कट्कन तुटणारं कवच हवं असेल तर डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवा, २७-२८ वर उतरवा, परत ३१-३२ वर आणा. एवढे लाड मी घरातल्या माणसांचेही करत नाही. न केले तर वर पांढुरकी झाक येते, चवीला फार फरक पडत नाही.

बाजूला वाटीत बिया साचत जातात. लहानपणी खजुराची बी मी गालात धरून ठेवायचो, अगदी पाढे म्हणतानासुद्धा. जिभेनं घोळवून घोळवून ती गुळगुळीत झाली की एका अंगाची खाच लागायची. दुसऱ्या अंगाला एक बारीकसा ठिपका असतो, तो जिभेला कधी सापडला नाही. आजी म्हणायची, गिळलीस तर पोटात झाड येईल. मला ते झाड हवंच होतं. कोंब त्या ठिपक्यातून फुटतो, हे बऱ्याच उशिरा कळलं.

इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यावर उत्खननात सापडलेली, सुमारे २००० वर्षांपूर्वीची एक बी २००५ साली पेरली, आणि उगवली. झाडाचं नाव ठेवलं मेथुसेला. ते नर निघालं. खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे त्याला फळ लागायचं नव्हतं. पुढे तशाच जुन्या बियांपासून मादी झाडंही उगवली, त्यातल्या एकीला मेथुसेलाचे पराग दिले आणि २०२० साली खजूर आले. ते खाणाऱ्यांनी बिया कुठे टाकल्या असतील? मी तर गालातच ठेवली असती.

आमच्या वाटीतल्या बिया कुंडीत लावाव्यात असं फार वाटतं. पण चॉकलेट आळायला लागलंय, तेव्हा ते नंतर बघू.