सॅकमधली सुरी: एका वर्षाची नोंदवही

मागच्या जूनमध्ये माझ्याकडे तीन फिक्स्ड ब्लेड (न दुमडणाऱ्या) सुऱ्या होत्या आणि तिन्ही चुकीच्या होत्या. आज दोन आहेत. एक जमलीय. दुसरीच्या मुठीला आत्ता, हे लिहितोय तेव्हा, जवसाच्या तेलाचा तिसरा हात बसलाय आणि ती खिडकीत वाळतेय. मधल्या वर्षात काय काय झालं ते लिहून ठेवतो. नव्यानं सुरी घ्यायला निघालेल्याचे थोडे पैसे तरी वाचतील.

जुलै, राजमाची

त्या वेळची माझी लाडकी सुरी म्हणजे सात इंची पातं, पाठीला 6 मिलिमीटर जाड, वजन म्यानासकट अर्धा किलो. घेताना विचार असा की जंगलात काहीही होऊ शकतं. उधेवाडीत ज्या घरी उतरलो त्यांच्या पडवीत 'काहीही' म्हणजे काय झालं, तर बारा जणांच्या पिठल्यासाठी कांदे चिरायचे होते.

जाड पात्यानं कांदा चिरून बघा एकदा. धार उत्तम होती, मनगटावरचे केस जात होते. पण धारेमागे लगेच पाचर सुरू होते, त्यामुळे कांदा चिरला जात नाही, फुटतो. वरच्या पाकळ्या एकीकडे, खालच्या दुसरीकडे. गाजराचं तर 'टक्' करून दोन तुकडे होतात आणि एक चुलीखाली जातो. त्या घरच्या मामींनी दोन मिनिटं बघितलं आणि काही न बोलता विळी पुढे सरकवली.

मग म्हटलं, लाकडावर तरी अब्रू राखू. जळणाच्या ढिगातलं मनगटाएवढं ओंडकं उभं केलं, पातं वर टेकवलं आणि दुसऱ्या लाकडानं पाठीवर ठोकत बसलो. सुरीच्या शौकिनांत याला बॅटनिंग म्हणतात. पाच-सहा ठोक्यांत ओंडकं उभं चिरलं. मी मोठ्या अभिमानानं मामांकडे बघितलं. मामांनी कमरेच्या आकडीतला कोयता काढला, तसलंच ओंडकं डाव्या हातात धरलं आणि दोन घावांत चार चिरफळ्या केल्या. वर म्हणाले, "तुजा चाकू चांगला हाय, पर त्याला कोयता व्हायचंय."

माझ्या वर्षभराच्या अभ्यासाचं सार त्यांनी तिथेच सांगून टाकलं होतं. मला ते कळायला डिसेंबर उजाडला.

ऑगस्ट: गंज

दुसरी सुरी साध्या कार्बन स्टीलची, पातळ, हलकी, कातडी म्यानातली. कापायला सुंदर. पावसाळी मुक्कामात रात्री लिंबू कापलं, पँटला पुसली, म्यानात घातली. सकाळी बाहेर काढली तर पात्यावर नारिंगी नक्षी. चूक स्टीलची नव्हे. ओलं कातडं दिवसभर पाणी धरून ठेवतं आणि लोखंडाला रात्रभर त्या ओल्या दुलईत झोपवल्यावर दुसरं काय होणार?

यावरचा उपाय आपल्या प्रत्येकाच्या घरात होता. विळीचं पातं आठवा, काळपट-निळसर झालेलं. कैरी, चिंच, टोमॅटो चिरून चिरून आम्लानं त्याच्यावर तो थर बसलेला असतो. तो थर पातं बऱ्यापैकी सांभाळतो. लाल गंज खातो, काळा राखतो. सुरी घासून स्वच्छ केली, साबणानं तेलकटपणा काढला आणि एका आंबट कैरीत खुपसून ठेवली, मधूनमधून जागा बदलत. संध्याकाळपर्यंत पात्यावर करड्या ढगांसारखे डाग आले. दोन-तीन वेळा केल्यावर रंग सारखा झाला. दिसायला विचित्र आहे, मला आवडतं. (कैरी ऑगस्टमध्ये कुठून, असं विचाराल, मंडईत जवळजवळ बारा महिने मिळते, भाव मात्र विचारू नका.)

वर खोबरेल तेलाचा हात. खाण्याचं तेल आहे, पात्यावरून भाकरीला लागलं तरी बिघडत नाही. एकच अडचण: साधारण 24 अंशांच्या खाली ते थिजतं. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर बाटलीत पांढरी वडी झाली होती, ती काखेत धरून वितळवावी लागली. थंडीत घरूनच तेल लावून निघा.

आणि कातडी म्यान फक्त प्रवासापुरतं. घरी सुरी म्यानाबाहेर, कोरड्या फडक्यात.

ऑक्टोबर: मोरा

मग मित्राकडून त्याची मोरा कम्पॅनियन महिनाभर वापरायला आणली. स्वीडनची, स्टेनलेस, पातं 10 सेंटिमीटरच्या थोडं वर, जाडी अडीच मिलिमीटर, रबरी मूठ, प्लास्टिकचं म्यान. दिसायला अगदी प्लंबरच्या पेटीतली. माझ्या अर्ध्या किलोच्या लाडकीनं जे जे केलं नाही ते ते हिनं केलं. दोरी, पॅकेट, कांदा, बांबूची खुंटी, सगळं.

हिची धार स्कँडी ग्राइंडची. म्हणजे पात्याच्या अर्ध्याहून खालून सुरू होणारा, दोन्ही बाजूंना एकच सपाट उतार, तो थेट धारेपर्यंत. नवख्याला धार लावायला हे वरदान आहे, कारण कोन मोजायचाच नसतो. तो उतार दगडावर सपाट टेकवायचा, बोटांनी दाबायचा आणि ढकलायचा. मी 1000 ग्रिटचा (मध्यम बारीक) दगड वापरतो, नंतर जुन्या कमरपट्ट्यावर पॉलिशची हिरवी पेस्ट लावून वीसेक वेळा मागे ओढतो. लाकडावर स्कँडी खोल आणि ताब्यात चालते. भाजीला मात्र फ्लॅट ग्राइंड (पाठीपासून खालपर्यंत निमुळती होत जाणारी) बरी. मोराचं पातं पातळ असल्यानं ते इतकं जाणवत नाही, एवढंच.

बॅटनिंगला हिच्यावर बेताचाच भरवसा ठेवा. पात्याची शेपटी मुठीत शेवटपर्यंत जात नाही. अंगठ्याएवढ्या काड्या चिरा, ओंडकी नकोत.

डिसेंबर: ओली काडी

हरिश्चंद्रगडावर चूल पेटवायचा प्रश्नच नाही. अभयारण्य आहे, वर स्टोव्हच न्यायचा. लाकडाचा सगळा सराव मी पायथ्याच्या गावात करतो, यजमानांकडून विकत घेतलेल्या जळणावर. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, कारवीलाही नाही.

त्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता आणि अंगणातलं जळण चिंब होतं. इथे सुरीचं खरं काम समजलं. पावसात भिजलेल्या वाळक्या लाकडाची फक्त साल आणि वरचा थर भिजतो, गाभा कोरडा असतो. मामांसारखंच तिथल्या दादांनी कोयत्यानं लाकूड फोडून दिलं. मग गाभ्याची बोटभर जाडीची काडी गुडघ्यापुढे जमिनीवर टेकवायची, सुरीचा हात ताठ, मनगट हलवायचं नाही, आणि खांद्यानं पातं खाली ढकलत न्यायचं. ढलपी कागदासारखी सुटते, गोल वळते आणि तळाशी काडीलाच चिकटून राहते. तिथे थांबायचं, काडी किंचित फिरवायची, पुढची ढलपी. पहिल्या दहा माझ्याकडून तुटून पडल्या. विसाव्या मिनिटाला हातात पिसाऱ्यासारखी काडी होती आणि ती एका काडेपेटीच्या काडीत पेटली.

हे काम 6 मिलिमीटरच्या सुरीनं होत नाही असं नाही, पण हात भरून येतो आणि ढलप्या जाड निघतात. तेव्हा मामांचं वाक्य आठवलं. आपल्या डोंगरात फोडायला कोयता प्रत्येक घरात आहे, आणि तो चालवणारा हात आपल्यापेक्षा शंभरपट तयार आहे. सुरीनं त्याच्या कामात लुडबूड करू नये. जी कामं कोयत्याला नाजूक पडतात तेवढी सुरीची. तिथून माझं माप ठरलं: पातं 10 सेंटिमीटर, पाठीला 3 मिलिमीटर, त्याहून जाड काहीही नको. लांबीवर आपण तासन्‌तास वाद घालतो, पण सुरी बिघडवते ती जाडी.

जाड सुरी त्याच आठवड्यात विकली. घेणाऱ्याला कारण सांगितलं, तरी घेतली.

फेब्रुवारी–मे: लोहाराकडे

मापाची सुरी करून घ्यायची ठरवली. भंगारातून जीपच्या कमानीचा पाटा आणला. अशा पाट्यांचं पोलाद बहुतेक वेळा 5160 (स्प्रिंगच्या पोलादाचा एक प्रकार) च्या जातीचं असतं, कार्बन साधारण 0.6 टक्के, चिवट. लोहारकाकांनी तापवून, ठोकून पातळ केलं, आकार दिला. आणि मी मध्येच फोनवर बोलायला बाहेर गेलो.

परत आलो तर काकांनी सवयीप्रमाणे लालबुंद पातं पाण्यात बुडवलं होतं. 'टिण्ण' असा आवाज बाहेरपर्यंत आला. धारेपासून वर केसाएवढी भेग. हे पोलाद तेलात विझवायचं असतं. पाण्यात ते फार झपाट्यानं निवतं आणि तडकतं. आधी सांगायला हवं होतं, ते मीच सांगितलं नव्हतं. पण सांगणं तरी सोपं आहे का? पिढ्यान्‌पिढ्या धारेला पाणी पाजणाऱ्या माणसाला मी सांगणार, काका, तेल पाजा.

दुसऱ्या खेपेला सांगितलं. काका हसले, पण कढईत शेंगदाण्याचं तेल कोमट करून ठेवलं. पातं किती तापलं हे मी लोहचुंबकानं बघत होतो. चुंबक चिकटायचं थांबलं की आणखी थोडंसं तापवून तेलात. (काका हे नुसत्या रंगावरून ओळखतात, चुंबकाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, आणि दोघांचं उत्तर एकच आलं.) निवल्यावर धारेवर कानस फिरवली. काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे पातं कडक झालं, पण या अवस्थेत ते ठिसूळही असतं. घरी ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. घासून चकचकीत केलेल्या जागेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग आला की झालं. आई स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "केक करतोयस होय?" मग वास आला आणि पुढचं ती बोलली ते इथे लिहीत नाही.

घासताना पातं पाण्यात बुडवत राहा. बोटाला चटका बसायच्या आतच बुडवा, कारण ओव्हनच्या 200 अंशांहून जास्त तापू दिलंत तर धारेचा कडकपणा जाईल.

मूठ बाभळीची, पातं शेवटपर्यंत आत, दोन पितळी रिबिटी. अंगठ्याजवळ मूठ थोडी जाड राहिलीय, वाद आहे तो त्याचाच. मोराची मूठ अजूनही हाताला जास्त पटते. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतात. उघडी पसरून वाळवा.

नेण्याबद्दल एकच. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू हत्यारांच्या यादीत येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. आपली 4 इंची सुरी त्यात बसत नाही. तरीही पट्ट्याला लटकवून एसटीत चढू नका. म्यानात, फडक्यात, सॅकच्या तळाशी.

पुढचा मुक्काम जुलैत, पुन्हा उधेवाडी. कांदे मीच चिरणार असं मामींना फोनवर सांगितलंय. त्या म्हणाल्या, विळी काढून ठेवते.